राबीच्या भाषेतला मामा

गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या घराची मागची भिंत संपली की धानाच्या बांध्या सुरू होतात. दिवाळी उलटून थंडी पडायला लागली, की एखाद्या सकाळी खिडकी उघडताना कापलेल्या धानाचा वास घरात शिरतो. ओला, गोडसर, मातीचा. त्या दिवशी माझं कशात लक्ष लागत नाही. सून म्हणते, "आई, वरणात दोनदा मीठ पडलं." पडलं असेल. मी तेव्हा या घरात नसतेच. अर्जुनीजवळच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी एका बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, पाळीवर उभी असते, नुकती नोकरीला लागलेली मास्तरीण, आणि पाळीखालच्या बांधीत राबी धान कापत असते.

कापणीचे हंगाम आयुष्यात पुष्कळ पाहिले. ते सगळे एकमेकांत मिसळून गेले. हा एक तेवढा वेगळा राहिला.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. गोंदिया जिल्हा तेव्हा नव्हता. आम्ही भंडारा जिल्ह्याचे, आणि सरकार मध्यप्रदेशचं. मी भंडाऱ्याची. अर्जुनीला छोट्या लाईनच्या गाडीतून उतरून बैलगाडीनं त्या गावी पोचले, तेव्हा शाळेसमोर डोक्यावर तणसाचा भारा घेतलेली एक बाई उभी होती. गोरटेली, ठेंगणी, गालाची हाडं रुंद, डोळे बारीक. लुगडं मात्र गावातल्या बायांसारखंच गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"बाई, दुरून आल्या का वो?" तिनं विचारलं.

"भंडाऱ्याहून."

ती जरा विचार करून म्हणाली, "मंग दूर नाही."

ती राबी. खरं नाव रबिया. गाव तिला जावावाली म्हणायचं. ती जावाची नव्हती, सुमात्रा बेटातल्या पादांग शहराजवळच्या एका खेड्याची होती. पण गावाला जावा तेवढं ऐकून ठाऊक होतं. तिचा नवरा डुलीचंद लढाईत फौजेच्या दवाखान्यात सेवकाचं काम करत होता. लढाई संपता संपता त्याची पलटण पादांगला गेली. तिथं भाजलेला हात बांधून घ्यायला राबी दवाखान्यात आली आणि जखम भरल्यावरही येत राहिली. गोऱ्यांचं राज्य पुन्हा येऊ द्यायचं नाही म्हणून तिचा मुलूख तेव्हा पेटला होता. तिच्या आईनंच डुलीचंदचा हात धरून सांगितलं होतं, हिला घेऊन जा.

डुलीचंदचं घराणं पूर्वज माळव्यातून आल्याचं अभिमानानं सांगणारं. त्यांनी त्याला घरात घेतलं नाही. वाटणीला आलेल्या बोडीखालच्या बांध्यांच्या कडेला त्यानं मातीचं घर बांधलं आणि दोघं तिथं राहिली. जातीच्या पंगतीत त्याला पान मिळेना. राबी घरातल्या देवापुढं दिवा लावायची आणि शुक्रवारी गडावरच्या दर्ग्यालाही जायची. यातलं काय सोड, असं डुलीचंदनं तिला कधी म्हटलं नाही. त्यांची मुलगी फुलवंता माझ्या शाळेत होती. हुशार, अबोल. पोरं तिच्या आईच्या बोलण्याची नक्कल करायची, तेव्हा ती पाटीकडं बघत बसायची. मी एकदा विचारलं, "तुला येते का गं आईची बोली?" तिनं मान खाली घालून "नाही जी" म्हटलं. ते खरंच होतं. राबीनं तिला ती शिकवलीच नव्हती. नवऱ्याशी ती आधी बाजारातल्या मोडक्यातोडक्या मलय भाषेत बोलायची, मग गावच्या बोलीत. तिची स्वतःची भाषा बोलायला त्या सगळ्या मुलखात एकही माणूस नव्हतं.

या गोष्टीचा मी तोवर विचारच केला नव्हता. माणूस परदेशात उपाशी राहिला तर दिसतं. त्याची भाषा उपाशी राहिली तर कुणाला दिसणार?

वझलवार सर आले ते त्या वर्षीच्या कापणीच्या तोंडावर. नागपूरच्या एका कॉलेजात ते संस्कृत शिकवत. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, लग्न केलेलं नाही. तरुणपणी कुठल्याशा ग्रंथालयात सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांच्या भाषेविषयी डच माणसानं लिहिलेलं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं. त्यात त्यांना 'बहासो' दिसला, 'सुआरो' दिसला, 'दुको' दिसला. आपली भाषा, आपला स्वर, आपलं दुःख. ते मला सांगायचे, "बाई, घरातून निघून गेलेला मुलगा परमुलखात अचानक भेटावा, तसे ते शब्द भेटले मला. ओळखू येत होते, आणि पुरते तिथले झाले होते." त्या पुस्तकासाठी ते डच शिकले. मग त्या लोकांचे रीतिरिवाज, त्यांच्या उत्तरेचे बाताक, किनाऱ्यावरचे मलय, जे जे वाचायला मिळालं ते वाचत गेले. कॉलेजात त्यांना हसत. घरचे लोक हसायचंही सोडून गप्प झाले होते. आणि आता, इतक्या वर्षांनी, तिकडच्या एका विद्यालयानं त्यांना वर्षभरासाठी बोलावलं होतं. कलकत्त्याहून बोट होती. मधले काही आठवडे मोकळे होते. फौजेतून परतलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना राबीविषयी सांगितलं. ती भाषा त्यांनी आयुष्यभर वाचली होती. कानांनी कधी ऐकली नव्हती. जाण्याआधी कान तयार करावा म्हणून ते आले आणि शाळेच्या दुसऱ्या खोलीत उतरले.

मी त्यांना राबीच्या घरी घेऊन गेले तेव्हा ती अंगण सारवत होती. सरांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि मनात कितीतरी वर्षं घोळवलेलं एक वाक्य म्हटलं.

राबी शेणाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघायला लागली. "बाई, हे कोन्या मुलखाचं बोलून राहिले जी?"

सरांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिनं मान हलवली. मग त्यांनी एक एक शब्द काढायला सुरुवात केली. अंगणात पडलेल्या लोंबीकडं बोट करून ते म्हणाले, "पादी." पाळीखालच्या बांधीकडं बोट करून म्हणाले, "सावाह." राबी हळूहळू उभी राहिली. सूपभर तांदूळ पडवीत होते, त्यांच्याकडं सरांनी हात केला, "बरास."

"बारेह," ती म्हणाली. आणि मग काहीतरी फुटल्यासारखं मोठ्यानं, "बारेह! बारेह!" पुढं ती जे बोलत सुटली त्यातलं मला काही कळलं नाही, आणि सरांनाही निम्मंच कळलं असावं. खाटेवर पडलेला डुलीचंद आतून उठून दाराशी आला. छातीच्या दुखण्यानं तो बरेच महिने अंथरुणाला होता. चौकट धरून तो बायकोकडं बघत राहिला.

"लगन झाल्यापासून अशी बोलतानी पायलीच नाही तिले," तो मला म्हणाला. "माह्या घरी आनून मीनं तिले मुकीच केलो, बाई."

मग रोज दुपारी पडवीत दोघांची बैठक बसू लागली. सर विचारायचे, ती सांगायची, ते कागदावर टिपून घ्यायचे. सरांची गावची बोली कच्ची, राबीला नागपुरी शुद्ध मराठी कळेना, म्हणून शाळा सुटल्यावर मी मध्ये बसायची. फुलवंता आधी आत असायची, मग दारात, मग आईच्या मागं पाठीला टेकून.

मला वाटलं होतं, शिकवणारी राबी आणि शिकणारे सर. तसं राहिलं नाही. एके सकाळी आम्ही बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, होतो. लोंब्यांवर दव साचलं होतं. राबी काहीतरी सांगता सांगता त्या दवाकडं बोट करून थांबली. तिला शब्द सापडेना. तिनं डोळे मिटले, कपाळावर मूठ मारून घेतली. "होता जी. माय म्हने. आता नाही राहिला." तिचे डोळे भरून आले. सर हलकेच म्हणाले, "अंबुन?"

"अंबुन," ती म्हणाली. मग दव बोटावर घेऊन फुलवंताच्या गालाला लावलं आणि तिलाही म्हणायला लावलं. मुलीनं म्हटलं. तिच्या तोंडून आलेला आईच्या भाषेतला तो पहिला शब्द. त्या सकाळपासून एक नवीनच व्यवहार सुरू झाला. सरांकडं नव्हतं ते ती द्यायची, तिचं हरवलेलं ते पुस्तकातून आठवून परत करायचे.

कापणीचा मुहूर्त केला तेव्हा राबीनं विळा बाजूला ठेवला. तळहातात लपेल एवढं एक लहानसं पातं तिनं पदरातून काढलं आणि पहिली मूठ एकेक लोंब धरून खुडली. तिकडं बाया असंच कापतात. धानाला हत्यार दिसलं तर ते भितं म्हणे. मग कमरेचा विळा काढून ती गावातल्या बायांच्या वेगानं सपासप कापत गेली. आजही हार्वेस्टरचा आवाज बांधीतून येतो तेव्हा मला धानाच्या त्या भीतीची आठवण होते.

तिच्या गावच्या गोष्टी ऐकताना मी चकित व्हायची. तिथं घर बाईचं. शेत आईकडून मुलीला जातं. नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, पाहुण्यासारखा. आणि मुलांची काळजी वाहतो तो आईचा भाऊ. "त्याला 'मामाक' म्हणतात," सर म्हणाले. मी हसले. "म्हणजे मामाच की!" सरही हसले. "शब्द कुठून कुठं गेला, का नुसताच योगायोग, सांगता येत नाही. पण काम मात्र आपल्या मामापेक्षा मोठं. भाचीच्या शेताच्या बांधापासून तिच्या लग्नापर्यंत सगळं त्याच्या डोक्यावर."

राबी सरांना आपल्या घरची वाट शिकवत होती. बाजारातून निघायचं, पूल ओलांडायचा, फणसाची जोडझाडं लागली की डावीकडं. आई असेल तर सांगायचं की रबिया आहे, तिला मुलगी आहे, आमच्याकडंही धान पिकतं. इथून धाडलेल्या पत्रांना कधी उत्तर आलं नव्हतं. ती वाट ती सरांकडून रोज म्हणवून घ्यायची. सर निमूटपणे म्हणायचे. त्यांची बोट जसजशी जवळ येत होती तसतशी राबी जास्त बोलत होती, जास्त हसत होती. डुलीचंदचं खोकणं मात्र वाढत होतं.

तो गेला तेव्हा निम्मं धान उभं होतं. सकाळी त्यानं पेज मागितली आणि पेज निवायच्या आत गेला.

अंगणात माणसं जमेनात. वाळीत टाकलेल्याला खांदा कोण देणार? गावच्या बायका कुंपणापर्यंत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. शेजारच्या गोंडांच्या टोल्यावरून, त्यांच्या वस्तीवरून, म्हातारे-तरुण आले, त्यांनी बांबू तोडला, तिरडी बांधली. सरांनी सदरा काढून ठेवला, धोतर खोचलं आणि पुढं होऊन एक खांदा धरला. डुलीचंदचा थोरला भाऊ मोतीराम आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा होता. तिरडी उचलली तसा तो ओल्या बांधीतून चिखल तुडवत, अनवाणी आला आणि सरांच्या शेजारचा खांदा त्यानं घेतला. कुणाकडं बघितलं नाही. नुसते ओठ दाबून धरले होते.

पुरुष बोडीवर आंघोळी करून परतले तेव्हा राबी उंबऱ्यात बसली होती. दुपार झाली होती. तोवर ती रडली नव्हती. मग तिनं सूर लावला. आमच्या बायांचं रडणं मी ओळखते; हे तसं नव्हतं. खालून उचललेला एक लांब सूर, त्यावर शब्द, पुन्हा तोच सूर. तिच्या मुलखात याला 'रातोक' म्हणतात हे नंतर कळलं. कुंपणावरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी पुटपुटली, "काय बोलून राहिली ते?"

सर ओल्या अंगानं पडवीच्या कोपऱ्यात उभे होते. कोनाड्यात त्यांचे कागद होते. त्यांचा हात एकदा तिकडं गेला आणि मागं आला. राबीनं ते पाहिलं. सूर तोडून ती गावच्या बोलीत म्हणाली, "लिवा ना सर. काऊन थांबले? इथं कोनालेच समजून नाही राहिलं. तुमाले तं समजते. कोठी तरी राहू द्या ते."

आणि तिनं सूर पुन्हा धरला. सर खाली बसले आणि लिहू लागले. लिहिताना डोळे पुसत होते, पण थांबले नाहीत. पुष्कळ लोकांनी पुढं मला म्हटलं, काय माणूस, मयताच्या घरी लिहीत बसला! मी तिथं होते. माझ्या पाहण्यात त्या दिवशी राबीला दिलेला सगळ्यात मोठा आधार तोच होता.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मी त्यांना विचारलं, "काय म्हणत होती ती?"

"डुलीचंदशी बोलत नव्हती. आईशी बोलत होती." त्यांनी कागद उलगडले. "आई, तू ज्याच्या हाती मला दिलंस त्याचा हात सुटला. आता हे घर कुणाचं, ते मला सांग. एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच. बाई, तिच्या गावी नवरा गेलेल्या बाईला हा प्रश्न पडतच नाही."

इथं तो पडायला फार दिवस लागले नाहीत. डुलीचंदचे दिवस होताच जातीची मंडळी त्याच अंगणात बसली. मोतीराम खालमानेनं बोलला. बांध्या बापजाद्यांच्या आहेत, त्या घराण्यात परत याव्यात. मायलेकीला पोटापुरतं धान तो देईल. तो वाईट माणूस नव्हता. आदल्या दिवशीच शाळेत येऊन मला म्हणाला होता, "मीनं खांदा देलो, बाई, त्याच्यावरूनच पंच कावले. आता जमिनीत बी त्याइच्या आड गेलो तं माह्या पोरीइचं लगन कोन करन?" भीती कशी माणसाला वाकवते ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं.

शाळेसमोर त्याच सकाळी बैलगाडी जुंपून उभी होती. सरांना अर्जुनीची गाडी गाठायची होती. तिथून गोंदिया, गोंदियाहून कलकत्ता. पेटी गाडीत चढवली होती. निरोप घ्यायला म्हणून गाडी तिकडून वळवून ते राबीच्या अंगणाशी आले होते, आणि राबीनं भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडून घरची वाट शेवटची म्हणवून घेतली होती. पूल, जोडझाडं, डावीकडं. ते जायला वळले आणि मंडळींचं बोलणं कानावर पडून थांबले.

पंचांत वडील होते सीतारामजी पाटील. सावकाश बोलणारे, तंबाखू मळत ऐकणारे. सगळ्यांचं ऐकून ते म्हणाले, "बापाकडचे तं आपन सारेच बसलो आहो. पोरीच्या मायकडून कोन बोलते? मामा आहे का पोरीले?"

राबी फुलवंताला पोटाशी धरून बसली होती. तिनं जमिनीकडं पाहिलं. मामा असला तरी समुद्रापलीकडं, आणि जिवंत आहे की नाही कुणाला ठाऊक?

"मी आहे," सर म्हणाले.

सगळ्यांनी मान वर केली. पाटील म्हणाले, "तुमी? तुमी तं बामन, नागपूरचे. कोन्या नात्यानं जी?"

सर त्यांना उत्तर न देता राबीकडं वळले. तिच्या भाषेत त्यांनी तिला काहीतरी विचारलं. हळू, अडखळत. ती त्यांच्याकडं बघतच राहिली. मग बाहेर उभ्या असलेल्या बैलगाडीकडं तिची नजर गेली, तिथून परत त्यांच्याकडं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात आनंद नव्हता. शेवटी तिनं फुलवंताला पुढं केलं आणि म्हणाली, "मामाक."

"मामाच म्हने ना?" कुणीतरी विचारलं.

"मामाच म्हने," पाटील म्हणाले. त्यांनी हातातली तंबाखू झटकली. "पन सर जी, मामा होनं म्हनजे काम असते. उभं धान कापनं, पोरीले शिकवनं, उद्या लगनात उभं राहनं. आज बोलले अना उद्या गाडीत बसले, असं नाही चालत."

सरांनी गाडीवानाला हाक मारली आणि पेटी उतरवायला सांगितली.

त्या दिवशी मोतीरामच्या देखत ठरलं ते असं: बांध्या मायलेकीकडं राहाव्यात, मामानं त्यांच्याकडून बोलावं. मोतीराम मान हलवून उठला. त्याच्या खांद्यावरचंही काही उतरलं असावं. पंचांनीच सांगितल्यावर त्याला भिण्याचं कारण उरलं नव्हतं.

गोष्ट सांगणारे इथं थांबतात. पण राबी त्यानंतर कित्येक दिवस सरांशी बोलली नाही. मी समजावायला गेले तर विळा चालवता चालवता म्हणाली, "माह्या मायकडं जानारा एकच मानूस होता, बाई. तो बी मीनंच अडवलो." ती सरांवर रागावली होती की स्वतःवर, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. एका शब्दानं तिनं मुलीसाठी शेत राखलं होतं आणि त्याच शब्दानं आईकडं जाणारी वाट मिटवली होती. सर रोज सकाळी बांधीत यायचे, दुसऱ्या कडेनं धान कापायचे. त्यांना कापता येत नव्हतं. हाताला फोड यायचे, पेंढ्या वेड्यावाकड्या बांधल्या जायच्या. टोल्यावरचे गोंड त्या पुन्हा बांधायचे. बोटीची तारीख येऊन गेली. त्या दिवशी सर नेहमीसारखे कापत होते. मीच अस्वस्थ होऊन विचारलं, "सर, पस्तावा नाही वाटत?"

"वाटतो ना," ते म्हणाले. "आयुष्यभर तेवढंच मागितलं होतं." मग पेंढी खाली ठेवून म्हणाले, "पण त्या शब्दाचा अर्थ मी पुस्तकात किती वर्षं वाचत आलो. तो ऐकून गाडीत बसलो असतो, तर तिकडं जाऊन काय अभ्यास केला असता?"

शेवटची बांधी उरली तेव्हा राबी त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या हातातली पेंढी घेऊन तिनं ती सोडली आणि तणसाचा आळा कसा वळायचा ते दाखवत पुन्हा बांधली. "असं बांधतेत, मामाक," ती म्हणाली. लेकीच्या नात्यानं तीही त्यांना त्यानंतर तेच म्हणायची. खळ्यावर बैल फिरू लागले, धान मळून झालं, आणि सर नागपूरला गेले.

तिकडचं बोलावणं पुन्हा आलं नाही. त्यांच्या हातून व्याकरण पुरं झालं नाही. पण तहसील कचेरीत खेपा घालून त्या बांध्या त्यांनी फुलवंताच्या नावावर लावून घेतल्या, आणि मोतीरामनं कुरकुर न करता अंगठा दिला. दर वर्षी कापणीला ते यायचे. राबीच्या पडवीत तिघं बसायची. आधी दोघं बोलायची, मग तिघंही. राबीच्या आईचं काय झालं ते मात्र कधीच कळलं नाही. सरांनी तिकडं पुष्कळ लिहिलं. कुठूनच काही आलं नाही. काही दुःखांना शेवट नसतो, ती नुसती माणसाबरोबर म्हातारी होतात.

महाराष्ट्र झाला त्याच्या आसपास एका थंडीत सर गेले. मी तेव्हा लग्न होऊन गोंदियाला आले होते. राबी आणि फुलवंता गावाहून आल्या, आणि आम्ही तिघी नागपूरला गेलो. घर माणसांनी भरलं होतं. कॉलेजातले लोक, दूरचे पुतणे. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, वेगळ्याच चेहऱ्याची बाई दारात पाहून एका पुतण्यानं विचारलं, "आपण कोण?"

"मी त्याइची बहीन," राबी म्हणाली. तो बाजूला झाला.

ती तिथं रडली नाही. सरांच्या पायांशी बसून तिनं त्यांच्याशी हलक्या आवाजात बराच वेळ काहीतरी बोलून घेतलं, घरी आलेल्या माणसाला हालहवाल सांगावा तसं. कुणी तिला थांबवलं नाही.

परतताना थर्डक्लासच्या डब्यात खूप गर्दी होती. तुमसर गेलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या पडल्या होत्या, कुठंकुठं धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे उभे होते. राबी खिडकीशी बसली होती. ती बाहेर बघत मुलीला काहीतरी विचारत होती, आणि फुलवंता, आता आईपेक्षा उंच झालेली, तिला उत्तर देत होती. मोठ्यानं, संकोच न करता, हात हलवत. मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता आणि ऐकत राहावंसं वाटत होतं. समोर रायपूरकडचा एक म्हातारा गठुडं मांडीवर घेऊन बसला होता. तो बराच वेळ कान देऊन ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बेटी," त्यानं विचारलं, "ये कहाँ की बोली है?"

फुलवंतानं त्याच्याकडं पाहिलं. सहज म्हणाली, "हमारे घर की है, बाबा."

आणि वळून आईशी राहिलेलं बोलणं पुढं बोलू लागली.